इतिहासाचार्य राजवाडे

महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर एके काळी कापडात बांधलेली कागदांची गाठोडी पडून असत. चौकोनी कापडाची चारी टोके एकमेकांस बांधून केलेल्या अशा गाठोड्यास रुमाल म्हणत, आणि पुष्कळ रुमाल मिळून दप्तर होई. थोड्या जागेत पुष्कळ मजकूर मावावा, तो धुळीपासून सुरक्षित राहावा आणि एका प्रकारचे कागद एके ठिकाणी असावेत, या हेतूने आपल्या पूर्वजांनी ही सोय केलेली होती. लढाईवरून आलेली पत्रे, गावच्या वसुलाचे हिशेब, वतनाचे निवाडे, लग्नकार्याच्या याद्या, वैद्याची औषधे, कीर्तनकाराची पदे, असे सारे काही त्या रुमालांत बांधलेले असे.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि या रुमालांची गरज संपली. जे कारकून ते रोज सोडीत व बांधीत, ते गेले. त्यांच्या मुलांना कागदांचा उपयोग ठाऊक होता. नातवांना केवळ त्यांचे ओझे ठाऊक राहिले. मग कोठे वाळवी लागली, कोठे पावसाचे पाणी झिरपले, तर कोठे रद्दी म्हणून कागद विकले गेले. महाराष्ट्राचा इतिहास कोणा शत्रूने जाळला नाही. तो घरच्या घरी कुजत होता. तो कुजण्याआधी बाहेर काढावा, वाचावा आणि लोकांपुढे ठेवावा, एवढ्या एका कामासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, ते विश्वनाथ काशिनाथ राजवाडे होत.

राजवाडे यांचा जन्म १८६३ साली झाला. त्यांचे घराणे कोकणातील वरसईचे. वरसई हे गाव आज रायगड जिल्ह्यात आहे. विश्वनाथ अगदी लहान असतानाच त्यांचे वडील वारले, आणि मुलांना वाढविण्याचा भार आई व आप्तेष्ट यांच्यावर पडला. घरची स्थिती बेताचीच होती. १८८२ मध्ये ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. परंतु पैशाच्या अडचणीमुळे पुढील शिक्षणात खंड पडला. त्यांचे वडील बंधू वैजनाथ काशिनाथ हेही मोठे विद्वान होते व पुढे वेदांचे अभ्यासक म्हणून प्रसिद्धीस आले. विश्वनाथरावांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून १८९० च्या सुमारास पदवी मिळविली. परीक्षेकरिता नेमलेल्या पुस्तकांपेक्षा न नेमलेल्या पुस्तकांवर त्यांचे प्रेम अधिक. ग्रंथालयात बसून इतिहास, वनस्पतिशास्त्र, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र, जे हाती येईल ते ते वाचीत.

पदवी मिळाल्यावर त्यांनी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये काही काळ शिक्षकाचे काम केले. त्या काळी पदवीधरास सरकारी नोकरी सहज मिळे, आणि ती मिळाली की मान व पैसा दोन्ही मिळत. राजवाड्यांनी ती वाट धरली नाही. जगातील उत्तम ग्रंथ मराठीत यावेत या इच्छेने त्यांनी ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढले. प्लेटो या ग्रीक तत्त्ववेत्त्याच्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथाचे मराठी भाषांतरही त्यांनी केले. मासिक सुमारे तीन वर्षे चालून बंद पडले. याच काळात त्यांच्या तरुण पत्नीचे निधन झाले. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही, पुन्हा घर मांडले नाही. संसार सुटला, पण त्याच्या जागी एक दुसरा, फार मोठा संसार त्यांच्या अंगावर येऊन पडायचा होता.

मराठ्यांचा सुसंगत इतिहास तेव्हा मुख्यतः एकाच ग्रंथात वाचावयास मिळे. तो जेम्स ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याने लिहिलेला असून १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला होता. डफ मेहनती होता, त्याने कागदही पाहिले होते. परंतु त्याची दृष्टी राज्य जिंकून घेणाऱ्यांची होती. दुसरे साधन बखरींचे. बखरी वाचावयास मोठ्या गोड. पण त्यांतील पुष्कळशा घटनेनंतर अनेक वर्षांनी लिहिलेल्या. सांगोवांगीची गोष्ट जशी तोंडोतोंडी वाढते, तशा बखरींतील फौजा वाढलेल्या, तिथी हुकलेल्या, आणि माणसे कधी नको तितकी थोर तर कधी नको तितकी वाईट झालेली. मग खरे काय ते कशावरून ठरवावे? राजवाड्यांचे उत्तर साधे होते. ज्या दिवशी घटना घडली, त्या दिवसाच्या आसपास, त्या घटनेशी ज्याचा संबंध होता अशा माणसाने लिहिलेला अस्सल कागद पाहावा. तो कागद नसेल तर बोलू नये. असेल तर त्याच्यापलीकडे बोलू नये.

असे कागद मिळण्याचा योग लवकरच आला. सातारा जिल्ह्यातील वाई येथे एका जुन्या घराण्यातील पत्रव्यवहार हाती लागला. तो १७५० ते १७६१ या काळातील होता. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या रणावर मराठ्यांचा मोठा पराभव झाला. त्या दुःखाच्या कथा घरोघर सांगितल्या जात. परंतु फौज कोणत्या वाटेने गेली, धान्य कोठे अडले, पैसा का पोहोचला नाही, कोणी कोणास केव्हा मदत मागितली, हे नीट कोणासच ठाऊक नव्हते. ते या पत्रांतून समजू लागले. राजवाड्यांनी ती पत्रे जुळविली, त्यांना दीर्घ प्रस्तावना जोडली आणि १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. या मालेचे पुढे एकूण २२ खंड निघाले.

या खंडांसाठी राजवाडे महाराष्ट्रभर व महाराष्ट्राबाहेरही हिंडले. ते हिंडणे सुखाचे नव्हते. पुष्कळदा ते पायीच जात. थोडे कपडे, स्वयंपाकाची चार भांडी आणि लिहिण्याचे साहित्य एवढाच त्यांचा प्रपंच. स्वतःचे जेवण ते स्वतः रांधीत. एखाद्या गावी जुने घराणे आहे असे कळले की तेथे जावे, घरच्या वडीलधाऱ्यांना भेटावे आणि माळ्यावरचे रुमाल दाखवावेत अशी विनंती करावी, असा त्यांचा क्रम असे. हा अनोळखी मनुष्य कागद कशासाठी मागतो, याचा लोकांना उलगडा होत नसे. कागद दाखविले तर वतन जाईल अशी कोणास भीती वाटे. त्यांत पुरलेल्या धनाची माहिती असेल अशी कोणास आशा वाटे. कोणी कागद अडवून धरीत, कोणी हाकलून देत, तर कोणी मोठ्या आनंदाने सारे दप्तर पुढे टाकीत. राजवाडे नकाराने खचत नसत. एका घरी नाही म्हटले की दुसऱ्या घरी जात, आणि काही महिन्यांनी पुन्हा पहिल्या घरी येत.

रुमाल मिळाला तरी खरे काम तेथून पुढेच असे. गाठ सोडणे सोपे. आतला मजकूर सोडविणे कठीण. कागद मोडी लिपीत असत. मोडी लिहिताना आधी ओळीची शिरोरेषा आखीत आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरांची साखळी लिहीत जात. शब्द तोडून लिहिण्याची चाल नव्हती. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद राखीत नसत. घाईत असलेला लेखक तर आणखी पुढे जाई. नेहमी येणाऱ्या शब्दांचे तो एकेक अक्षरच लिही. ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ एवढ्या चार शब्दांऐवजी ‘सा. न. वि. वि.’ ही चार अक्षरे येत. ‘राजमान्य राजश्री’ यांचे ‘रा. रा.’ होई, ‘वेदशास्त्रसंपन्न’ याचे ‘वे. शा. सं.’ होई. चंद्राची तारीख सांगायची असली की नुसते ‘छ’ एवढेच अक्षर पुरे. लिहिणारा व वाचणारा दोघांनाही पूर्ण रूप ठाऊक असे, म्हणून कागद वाचे, शाई वाचे आणि वेळही वाचे. शंभर वर्षांनी मात्र संक्षेप उरला आणि त्याची किल्ली हरवली, अशी स्थिती झाली.

वर्षे लिहिण्याची रीतही अशीच आखडलेली होती. मराठेशाहीच्या दप्तरांत शुहूर सन नावाची कालगणना चाले. ती मृगाच्या सुमारास पालटे, आणि तिचे आकडे अरबी शब्दांनी लिहीत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ हे शब्द प्रथम वाचणाऱ्यास मंत्रासारखे वाटतील. परंतु इहिदे म्हणजे १, सितैन म्हणजे ६०, मया म्हणजे १०० आणि अलफ म्हणजे १०००, हे कळले की ११६१ ही संख्या सहज मिळते. त्यात वर्षाच्या पहिल्या भागासाठी ५९९ व जानेवारीपासूनच्या भागासाठी ६०० मिळविले की इसवी सन येतो. ११६१ मध्ये ६०० मिळविले म्हणजे १७६१. हेच ते पानिपतचे वर्ष होय.

परंतु सर्वच पत्रांवर वर्ष असे, असे नाही. पुष्कळ पत्रांत केवळ तिथी किंवा चंद्राची तारीख असे. पत्र लिहिणाऱ्यास कोणते वर्ष चालू आहे हे सांगण्याची गरज वाटत नसे. ते दोघांनाही ठाऊकच होते. आता ते वर्ष कसे शोधावे? मुसलमानी चांद्रवर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. त्यामुळे रमजान महिना कधी उन्हाळ्यात येतो, कधी पावसाळ्यात, तर कधी थंडीत. पत्रात चंद्राची तारीख असेल आणि शिवाय पावसाचा, पिकाचा, एखाद्या सणाचा किंवा वाराचा उल्लेख असेल, तर त्यांचा मेळ थोड्याच वर्षांत बसतो. त्यातही एखाद्या माणसाचे नाव किंवा मुक्कामाचे गाव आले, म्हणजे वर्ष नक्की करता येते. पत्राच्या पाठीवर कधी ते पोहोचल्याची नोंद असे. तिला पैवस्ती म्हणत. ही दोन शब्दांची नोंद हाती लागली की आतल्या पानभर मजकुराचा अर्थ उजळे. राजवाडे अशा बारीक खुणांच्या शोधात तासन्‌तास बसत. पत्राच्या शेवटी उमटविलेली ‘मोर्तब सुद’ ही मुद्रा दिसली, की पत्र पूर्ण आहे आणि त्यापुढे कोणी मागाहून मजकूर घातलेला नाही, याची खात्री पटे. अस्सल कोणते आणि नक्कल कोणती, हे ठरविल्यावाचून ते पुढे जात नसत.

अशा रीतीने एकेक कागद उलगडला, की तो छापताना राजवाडे त्याच्याबरोबर त्याची माहितीही देत. प्रत्येक कागदास लेखांक असे. त्याची मिती, लिहिणारा व ज्यास लिहिले तो, यांचा निर्देश असे. कठीण जागी तळटीप असे. आणि साऱ्या खंडाच्या आरंभी प्रस्तावना असे. हे कागद कोठे सापडले, ते कोणत्या घराण्याचे, त्यांतून काय सिद्ध होते व काय सिद्ध होत नाही, हे तीत सांगितलेले असे. काही प्रस्तावना तर स्वतंत्र ग्रंथाएवढ्या मोठ्या आहेत. राजवाडे यांना पक्के ठाऊक होते, की माहितीवाचूनचा कागद मुका असतो. त्याचे अक्षर दिसते, पण त्याची वाचा गेलेली असते.

आजच्या मुलांना ही गोष्ट निराळ्या रूपाने परिचयाची आहे. संगणकावर इंटरनेटवरून एखादे मोठे साहित्य उतरवून घेतले, तर ते बहुधा झिप नावाच्या एका गाठोड्यात येते. ही पद्धत १९८९ मध्ये अमेरिकेतील फिल कॅट्झ यांनी प्रचारात आणली. तिच्या मुळाशी असलेली एक मोठी कल्पना आब्राहम लेंपेल आणि जेकब झिव्ह या दोघा शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये मांडली होती. ती कल्पना आपल्या कारकुनांच्या संक्षेपाची दूरची बहीणच म्हणावी. एकदा येऊन गेलेला मजकूर पुन्हा आला, तर तो पुन्हा लिहावयाचा नाही. तो मागे किती अंतरावर आला होता आणि किती लांब होता, एवढीच खूण करून ठेवावयाची. त्यामुळे पुष्कळ फाइली थोड्या जागेत मावतात, एकत्र राहतात आणि लवकर पोहोचतात. गाठोडे उघडताना संगणक त्या खुणांवरून सारा मजकूर पुन्हा जसाच्या तसा उभा करतो. एक अक्षरही कमी होत नाही. झिपमध्ये प्रत्येक फाइलीसाठी एक पडताळ्याचा आकडाही ठेवलेला असतो. वाटेत काही बिघडले असेल तर तो आकडा जुळत नाही, आणि गाठोडे खराब झाले आहे हे समजते.

अशा गाठोड्यात पुष्कळदा ‘रीडमी’, म्हणजे मला आधी वाचा, या नावाची एक लहानशी फाइल असते. आत काय काय आहे, ते कोणी व केव्हा तयार केले, ते कोणत्या क्रमाने उघडावे आणि त्याचा उपयोग कोणत्या अटींवर करावा, हे तीत लिहिलेले असते. घाईत असलेला मनुष्य ती न वाचताच पुढे जातो आणि मग अडतो. जो ती आधी वाचतो, त्यास हेही कळते की गाठोडे विश्वासू ठिकाणाहून आले आहे किंवा नाही. कारण पाठविणारा ठाऊक नसेल तर असे गाठोडे उघडणेच धोक्याचे. राजवाड्यांच्या काळी संगणक नव्हता. परंतु आधी कागदाचे मूळ पाहावे, मग त्याची माहिती वाचावी आणि शेवटी मजकुरावर विश्वास ठेवावा, हा क्रम त्यांनी महाराष्ट्रास घालून दिला, तोच येथेही उपयोगी पडतो.

राजवाड्यांची जिज्ञासा केवळ पेशवाईपुरती नव्हती. मराठी भाषा कशी जन्मली व कशी वाढली, हाही त्यांच्या ध्यासाचा विषय होता. त्या शोधात ते मराठवाड्याकडे वळले. तो मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. याच मुलखात, परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात, चारठाणा हे गाव आहे. तेथील जुनी दगडी मंदिरे, बारव आणि उंच कोरीव स्तंभ आजही पाहणाऱ्यास थक्क करतात. अशा वास्तूंचा संबंध यादवकाळाशी जोडला जातो. दगडांत असे शिल्प घडविले जात होते, त्याच यादवांच्या राज्यात मराठी भाषेत ज्ञानेश्वरी आणि लीळाचरित्र यांसारखे ग्रंथ घडले. परंतु दगड शतकानुशतके उभा राहतो. पोथीचे तसे नाही. पोथी नकलून घ्यावी लागते, आणि नकलणारा आपल्या काळाचे शब्द नकळत तीत घालतो. म्हणून मूळची भाषा पाहावयाची तर जितकी जुनी पोथी मिळेल तितकी हवी. राजवाड्यांना बीड येथे ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. ती त्यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केली आणि ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. त्या पोथीविषयी पुढे विद्वानांत पुष्कळ वाद झाले. तथापि जुन्या मराठीचे व्याकरण शास्त्रशुद्ध रीतीने शोधता येते, हे त्या कामाने दाखवून दिले.

याहून नवलाची गोष्ट महानुभाव पंथाच्या पोथ्यांची आहे. या पंथाच्या अनुयायांनी आपले ग्रंथ काही शतके सांकेतिक लिपींत लिहून ठेवले होते. त्यांतील सकळ लिपी ही सर्वांत प्रसिद्ध. तिच्यात एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर योजलेले असे. किल्ली ठाऊक नसलेल्या माणसाने पोथी उघडली, तरी तिच्यातून निरर्थक शब्दच बाहेर पडत. त्यामुळे मराठीतील अतिशय जुने व सुंदर गद्य पंथाबाहेरच्या लोकांना जवळजवळ अज्ञातच राहिले होते. १९१० च्या सुमारास राजवाड्यांनी या लिपीचा उलगडा लोकांपुढे मांडला. त्यानंतर इतर अभ्यासकांनी ते काम पुढे नेले, आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची काही शतके जणू अंधारातून उजेडात आली.

हे सारे एकट्या माणसाच्या हातून पुरे होणारे नाही, हे राजवाडे जाणून होते. कागद आज एका विद्वानाच्या पेटीत आहेत. उद्या तो गेला तर त्यांचे काय? यासाठी त्यांनी सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साहाय्याने ७ जुलै १९१० रोजी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. लोकांनी आपली दप्तरे तेथे आणून द्यावीत, अभ्यासकांनी ती वाचावीत, आपले शोध सर्वांसमोर मांडावेत आणि चुकत असेल तर एकमेकांस सांगावे, असा या संस्थेचा उद्देश होता. मंडळाच्या आश्रयाने संशोधकांची एक नवी पिढी तयार झाली. मंडळ आजही पुण्यात उभे आहे, आणि देशोदेशीचे अभ्यासक तेथील कागद पाहावयास येतात.

राजवाडे आपले लेखन मराठीतच करीत. इंग्रजीत लिहिले असते तर त्यांची कीर्ती देशाबाहेर लवकर पोहोचली असती, हे त्यांना कळत नव्हते असे नाही. परंतु ज्यांच्या माळ्यांवर हे रुमाल पडले होते, ते लोक मराठी होते. त्यांनाच आधी समजले पाहिजे, असा त्यांचा निश्चय होता. शिवाजी महाराजांचे पिता शहाजीराजे यांच्या दरबाराचे वर्णन असलेला ‘राधामाधवविलासचंपू’ हा जयराम पिंड्ये यांचा ग्रंथ त्यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. उत्तर कोकणाची हकीकत सांगणारी ‘महिकावतीची बखर’ १९२४ मध्ये प्रसिद्ध केली. दोन्हींना त्यांच्या विस्तृत प्रस्तावना आहेत.

मोठ्या माणसांचे गुण सांगताना त्यांच्या उणिवा झाकू नयेत, ही शिकवणही राजवाड्यांच्याच मार्गातली आहे. त्यांचा स्वभाव तापट होता. मतभेद झाला की त्यांची लेखणी फार तिखट होई. अपुऱ्या पुराव्यावर अंदाज बांधू नये असे ते सांगत. पण शब्दांच्या व्युत्पत्ती शोधताना आणि समाजाच्या इतिहासाविषयी लिहिताना त्यांनी स्वतःच पुष्कळ धाडसी अंदाज बांधले. त्यांतील कित्येक पुढच्या अभ्यासकांनी पुराव्याने खोडून काढले. मात्र हेही लक्षात ठेवावे, की त्यांचे मत खोडण्यास लागणारे कागद बहुधा त्यांनीच जपून, माहितीसह छापून ठेवलेले होते. ज्याने पुरावा लपविला, त्याची चूक कळत नाही. ज्याने तो सर्वांपुढे ठेवला, त्याची चूकही ज्ञानात भरच घालते.

आयुष्याच्या अखेरीस मतभेदांमुळे त्यांचे मन पुण्यात रमेना. ज्या मंडळाची स्थापना त्यांनी केली, त्यापासून ते दूर झाले आणि खानदेशात धुळे येथे जाऊन राहिले. साठी उलटलेली, घरचे माणूस जवळ नाही, पैसा नाही. परंतु काम थांबले नाही. तेथेही कागद जमविणे, शब्द टिपणे, लिहिणे, हा उद्योग रात्रंदिवस चालूच होता. मराठी क्रियापदांचे मूळ शोधण्यासाठी त्यांनी हजारो धातूंची टिपणे केली होती. ३१ डिसेंबर १९२६ रोजी, वर्षाच्या शेवटच्या दिवशी, धुळे येथे त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या मागे ना घर होते, ना धन. मागे होते ते रुमाल आणि टिपणे. आता येथे एक मोठी परीक्षा होती. ज्या माणसाने महाराष्ट्रातील शेकडो घरांचे कागद वाळवीपासून वाचविले, त्याचे स्वतःचे कागद कोण वाचविणार? धुळ्याच्या लोकांनी या प्रश्नाचे उत्तर तत्काळ दिले. राजवाड्यांच्या मृत्यूनंतर लवकरच, १९२७ मध्ये, तेथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ निघाले, आणि त्यांचा संग्रह तेथे नीट ठेवण्यात आला. त्या टिपणांतून कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांनी ‘राजवाडे मराठी धातुकोश’ सिद्ध केला. तो १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. लेखक जाऊन दहा वर्षे लोटली असताही त्याची टिपणे दुसऱ्या माणसास वाचता आली आणि त्यांतून ग्रंथ उभा राहिला. राजवाड्यांनी आयुष्यभर जी शिस्त पाळली, तिचेच हे फळ होय.

महाराष्ट्राने त्यांस इतिहासाचार्य ही पदवी आदराने दिली. आजही चारठाण्यात काय किंवा कोकणात काय, एखाद्या जुन्या घराची आवराआवर निघाली की फडताळातून एखादे बोचके बाहेर पडते. त्यावर कोणाचे नाव नसते, वर्ष नसते, आत काय आहे याची चिठ्ठी नसते. ते फेकून देण्यास एक क्षण पुरतो. ते उघडून, वाचणाऱ्याकडे नेऊन, त्यावर सुवाच्य अक्षरांत चार ओळींची माहिती लिहून ठेवण्यास थोडा वेळ लागतो. राजवाडे यांनी तेवढा वेळ देण्यासाठी आपले सारे आयुष्य दिले, म्हणून आपल्या पूर्वजांची पत्रे आज आपल्याशी बोलतात.